घरी सोडण्याआधी जिना विचारा

प्रति,
पुणे शहरातील रुग्णालयांचे व्यवस्थापक, अस्थिशल्यचिकित्सक आणि वॉर्डात काम करणारे माझे फिजिओथेरपिस्ट सहकारी यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मला नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. लिफ्ट नाही. रस्त्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या दारापर्यंत ३४ पायऱ्या. पेशंटच्या घरी पहिल्यांदा जाताना पायऱ्या मोजतच वर जायची मला सवय आहे. कठडा कुठल्या बाजूला आहे, मधे टेकायला जागा आहे का, दिवा लागतो का, हे सगळं वर पोचेपर्यंत बघून होतं. या जिन्याला पहिल्या मजल्यापर्यंत उजवीकडे लाकडी कठडा होता, त्यापुढे नुसती भिंत.

काकू ७१ वर्षांच्या. उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. मंगळवारी ऑपरेशन, शुक्रवारी संध्याकाळी डिस्चार्ज. घरी वर कशा आणल्या म्हणून विचारलं, तर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून. अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणि खालच्या किराणा दुकानातला मुलगा यांनी खुर्ची उचलली आणि काकांनी ऑपरेशनचा पाय धरला. शनिवारी सकाळी मी त्यांना पलंगावर उताणं झोपून पाय सरळ ठेवायला आणि तसाच वर उचलायला सांगितला. उचलला गेला नाही. मांडीचा स्नायू थरथरला, टाच चादरीवरून सुटली नाही. पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय उचलला आणि माझ्याकडे बघितलं, जमलं ना, अशा नजरेनं.

टाच गादीवरून स्वतःच्या जोरावर सुटत नाही, म्हणजे तो गुडघा उभं राहिल्यावर कधीही दगा देणार. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे कळतं. मी डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर लिहिलं होतं, ‘पेशंट वॉकरच्या आधाराने चालतात. प्रकृती स्थिर.’ खाली छापील रकाने होते आणि ‘जिना’ या शब्दापुढे बरोबरची खूण होती.

“काकू, जिना कुठे चढलात?”

“छे गं. कॉरिडॉरमध्ये दोनदा चालवलं. जिना उद्या दाखवते म्हणाली होती ती मुलगी. त्याआधी सोडलंच की.”

रात्री एकट्यानं उठायचं नाही, हे मी दोघांनाही बजावून सांगितलं. गुडघा सरळ धरून ठेवणारा लांब पट्टा बांधून दिला. पलंगाजवळ ठेवायला कमोडची खुर्ची भाड्यानं सांगितली, ती सोमवारी येणार होती. रविवारी रात्री अडीच वाजता, काकांची झोप मोडायला नको म्हणून, काकू एकट्याच उठल्या. झोपताना टोचतो म्हणून पट्टा काढून ठेवलेला होता. बाथरूमच्या उंबरठ्यावर पाय उचलायचा होता तेवढाच, आणि तोच उचलला गेला नाही. नव्या सांध्याच्या जरा वर मांडीचं हाड मोडलं. दुसरं ऑपरेशन, प्लेट, पुन्हा सगळं पहिल्यापासून. ती खुर्ची मी शनिवारीच कुठून तरी मिळवायला हवी होती, हे मला अजून लागून राहिलं आहे.

मी १९ वर्षं या शहरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. हे पत्र कोणा एका रुग्णालयावर राग काढण्यासाठी लिहिलेलं नाही, म्हणून कोणाचंही नाव घेत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. डिस्चार्ज हा उपचाराचाच भाग आहे. चीर कुठे द्यायची हे जितक्या काळजीनं ठरतं, तितक्याच काळजीनं पेशंटला घरी कधी आणि कशा अवस्थेत पाठवायचं हे ठरलं पाहिजे, आणि ते पेशंटच्या पायाकडे बघून ठरलं पाहिजे. आज ते बिलिंगच्या खिडकीवर ठरतं आहे.

लवकर घरी जाण्याला माझा विरोध आहे असा समज करून घेऊ नका. पूर्वी टाके काढल्याशिवाय घरी सोडत नसत, दहा-बारा दिवस माणूस खाटेला खिळलेला असायचा. त्यात पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, छातीत कफ साठायचा, पाठीला जखमा व्हायच्या. आता ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी पेशंटला उभं करतात, हे उत्तमच आहे. ज्याचा पाय तिसऱ्या दिवशी तयार आहे, त्यानं तिसऱ्या दिवशी खुशाल घरी जावं. माझं भांडण ज्याचा पाय तयार नाही त्याला त्याच तारखेला सोडण्याशी आहे. शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद पहिल्या काही आठवड्यांत निम्म्याहून जास्त उतरते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कोणाची ती लवकर सावरते, कोणाला कित्येक महिने लागतात. सत्तरीतल्या मधुमेही बाईला आणि पंचावन्नच्या रोज पर्वती चढणाऱ्या गृहस्थाला एकच तारीख कशी लागू पडेल?

त्यात आणखी एक फसगत असते. ऑपरेशनच्या वेळी सांध्याभोवती टोचलेली औषधं आणि नस बधिर करायला दिलेलं इंजेक्शन यांचा असर पहिले एक-दोन दिवस असतो. दुसऱ्या दिवशी राउंडला पेशंट हसून सांगतो, काही दुखत नाही. त्याच हसण्यावर ‘उद्या सोडू’ असं ठरतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज चढते, दुखणं वर येतं, पाय हलवायला माणूस घाबरतो, आणि तेव्हा तो सिंहगड रोडच्या स्पीडब्रेकरवरून रिक्षातून घरी चाललेला असतो.

हे कोणी दुष्टपणानं करत नाही, हे मी जाणते. पॅकेज ठरतं तेव्हा त्यात दिवस ठरलेले असतात. जास्तीच्या दिवसाचे पैसे विमा कंपनी देईल की नाही याची खात्री नसते, आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट खाटेची वाट बघत असतो. मला हे सगळं दिसतं. पण विम्याच्या नावावर जे खपवलं जातं, त्याबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडच्या आरोग्य विमा पॉलिसींमध्ये वगळलेल्या गोष्टींची जी ठरावीक कलमं छापलेली असतात, त्यातल्या ०५ क्रमांकाच्या कलमाच्या शीर्षकात विश्रांतीबरोबर ‘पुनर्वसन’ हा शब्द आहे. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावरचा माणूस तो शब्द दाखवतो आणि सगळे गप्प बसतात. कलमाचा मजकूर वाचा. तिथं उपचारासाठी नव्हे तर मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी केलेल्या भरतीबद्दल लिहिलं आहे. नवा सांधा बसवल्यावर पाय उचलायला आणि जिना उतरायला शिकवणं ही विश्रांती आहे का? ‘मांडीच्या स्नायूवर अजून ताबा नाही, पडण्याचा धोका आहे, आणखी दोन दिवस उपचार आवश्यक’ एवढं वाक्य डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, तर टीपीएला त्यावर निदान विचार तरी करावा लागेल. ते वाक्य लिहिलेली फाईल माझ्या पाहण्यात फार क्वचित येते.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. तेव्हापासून घरचे लोक सांधा कुठल्या कंपनीचा, त्याचं स्टिकर फाईलला लावलं का, हे डोळ्यांत तेल घालून बघतात. चांगलंच आहे ते. पण तो सांधा ज्या स्नायूनं चालवायचा, त्याची अवस्था काय आहे, हेही विचारायचं असतं, असं त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं. २०२४ च्या विमा नियामकांच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पेशंटच्या डिस्चार्जला विमा कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची असते. पेशंटचा तिष्ठत बसण्याचा त्रास त्यानं कमी होतो. पण त्या तीन तासांच्या धावपळीत फाईल फार्मसीकडे जाते, बिलिंगला जाते, टीपीएकडे जाते. फिजिओथेरपिस्टकडे ती का जात नाही?

आता घरांबद्दल बोलते, कारण घरं मी बघते आणि तुम्हाला ती बघायला मिळत नाहीत. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दगडी पायऱ्या गुडघाभर उंच असतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बांधलेल्या तीन मजली सोसायट्या शहरभर आहेत आणि त्यातल्या कितीतरींना लिफ्ट नाही. तेव्हा चाळिशीत असलेली जोडपी आज तिथंच सत्तरी-ऐंशीत आहेत. मोरीला उंबरठा, फरशी ओली, भारतीय पद्धतीचा संडास, आणि कमोड असला तरी धरायला दांडी नाही. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला तुम्ही सांगता, खाली बसायचं नाही, पाय ओलांडून मांडी घालायची नाही, कंबर काटकोनापेक्षा जास्त वाकवायची नाही. तो घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं देवासमोरच्या पाटावर बसायला जातो. सूचना छापील कागदावर असतात, बऱ्याचदा इंग्रजीत, औषधांच्या पिशवीच्या तळाशी.

आणि घरात कोण असतं? मुलगा सॅन होजेला, मुलगी बंगळुरूला. तिला चार दिवसांची रजा मिळालेली असते, म्हणूनही कधीकधी डिस्चार्जची तारीख पुढेमागे होते. मग ब्युरोची मावशी येते. बिचारी मनापासून करते, पण पेशंटला काखेत हात घालून उचलायचं नसतं, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा असतो, पोटरी सुजून गरम लागली तर त्याच तासाला डॉक्टरांना फोन करायचा असतो, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. एका घरी मी गेले तेव्हा मावशी पेशंटचा गुडघा तेल लावून चोळत होती, टाक्यांच्या अगदी कडेपर्यंत.

काकूंच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर काकांनी मला विचारलं, “केस करता येईल का?” असं विचारणारे ते पहिले नव्हते. गेल्या काही वर्षांत असे बरेच लोक माझ्याकडे आले, कोणी फाईल घेऊन, कोणी नुसते डोळ्यांत पाणी घेऊन. त्यांना माझ्याकडून लेखी मत हवं असतं. त्या निमित्तानं मी जे वाचलं, ओळखीच्या वकिलांकडून समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

या देशातला वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दलचा एक पायाभूत निकाल पुण्यातल्याच प्रकरणातून आलेला आहे. १९५३ च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. उपचारासाठी त्याला पुण्याला आणलं आणि इथे उपचारादरम्यान तो गेला. बापानं दावा लावला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली: पेशंट हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कुठले उपचार करावेत हे ठरवताना काळजी, आणि ते उपचार प्रत्यक्ष करताना काळजी. ही वाक्यं आजही निकालांमध्ये उद्धृत होतात. माझ्या मते पेशंटला घरी पाठवण्याचा निर्णय यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कर्तव्यात सरळ बसतो. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेतही आहे की एकदा पेशंट हाती घेतल्यावर त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये आणि पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय अंग काढून घेऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानं पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. आता २०१९ चा कायदा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, पेशंट राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगातही करता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बहुतेक गुडघ्यांचं बिल त्याच्या आतच असतं. म्हणजे तक्रार करणं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते शाबित करणं.

आणि ते अवघडच असावं, हेही मला मान्य आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की नुसती निर्णयातली चूक किंवा अपघात म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. पेशंट घरी पडला म्हणजे डॉक्टर दोषी, असा हिशेब लावला तर कोणी सत्तरीतल्या माणसावर ऑपरेशनच करणार नाही. लवकर सोडलं, पुढे पडली, हाड मोडलं, या तीन गोष्टी एका धाग्यात ओवाव्या लागतात. ती आणखी दोन दिवस राहिली असती तर पडली नसती, हे कशावरून? वकील मला हेच विचारतात. याचं उत्तर मोजलेल्या आकड्यांमध्ये असतं, डिस्चार्जच्या दिवशी गुडघा किती अंश वाकत होता, पाय सरळ उचलता येत होता का, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागले, किती पायऱ्या कोणाच्या आधारानं चढल्या. फाईल उघडावी तर तिथं लिहिलेलं असतं, ‘प्रकृती स्थिर’.

तुम्हाला वाटेल, काहीच लिहिलेलं नाही म्हणजे आपण सुटलो. तसं होत नाही. २००४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते, कारण सगळी कागदपत्रं आणि माणसं त्यांच्याच ताब्यात असतात. २०१० साली असंही सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, काही गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसतात. पेशंटनं कागदपत्रं मागितली की ७२ तासांच्या आत द्यायची असतात. जिन्यापुढे बरोबरची खूण आणि जिना कधीच न चढलेली ७१ वर्षांची बाई, हे समोरासमोर आले की त्या खुणेवर कोणता बचाव उभा राहणार?

एका प्रकरणात मी लेखी मत द्यायला नकार दिला, तेही सांगते. कोथरूडमधल्या एका कुटुंबाची तक्रार होती की वडिलांचा गुडघा आखडला कारण लवकर सोडलं. फाईल बघितली. वॉर्डातल्या मुलीनं रोज तारीख घालून अंश लिहिले होते: ५५, ७०, ८०. डिस्चार्जच्या दिवशी ८५. आठवड्यातून पाच वेळा फिजिओथेरपी, दोन आठवड्यांनी ९० न गाठल्यास ताबडतोब दाखवावे, असं मराठीत लिहून सही घेतली होती. घरी आल्यावर वडिलांना दुखतं म्हणून यांनी तीन आठवडे फिजिओथेरपी बंद ठेवली. मी त्यांना सांगितलं, इथे रुग्णालयाचा दोष नाही, आता तरी वेळ घालवू नका. अशा आखडलेल्या गुडघ्याला भूल देऊन मोकळं करायचं तर साधारण पहिल्या बारा आठवड्यांतच त्याचा नीट उपयोग होतो, आणि भांडणात ते आठवडे निघून जातात. त्या मुलीला मी ओळखत नाही, पण तिनं लिहिलेल्या त्या चार आकड्यांनी तिच्या डॉक्टरांना वाचवलं आणि त्या गृहस्थांचा गुडघाही. वेळेवर दाखवल्यामुळे ते आज व्यवस्थित चालतात.

याच्या उलट चाल म्हणजे ‘नातेवाईकांच्या विनंतीवरून डिस्चार्ज’. हे वाक्य लिहून खाली सही घेण्याची पद्धत कृपा करून बंद करा. ज्यांनी खरोखर हट्टानं पेशंट नेला, त्यांच्या बाबतीत ते जरूर लिहा, धोका समजावून सांगितल्याचंही लिहा. पण काकूंच्या फाईलमध्ये ते वाक्य होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, “काउंटरवर सात-आठ ठिकाणी सह्या घेतल्या. मी चष्मा खोलीत विसरलो होतो.” ७६ वर्षांच्या माणसाची अशी घेतलेली सही तुमचं रक्षण करत नाही. उलट आयोगापुढे ती पहिली वाचली जाते.

आता माझ्या सहकाऱ्यांना. रागावू नका. जिन्यापुढची ती खूण सर्जननं केलेली नव्हती, आपल्यापैकी कोणीतरी केली होती. मला ठाऊक आहे, एकेका मुलीकडे दिवसाला वीस-बावीस पेशंट असतात, पगार हातात घेऊन लाज वाटावी इतका, आणि ‘हा पेशंट अजून तयार नाही’ असं राउंडला म्हणण्याची टाप नसते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशा खुणा केल्या आहेत. पण आता आपल्या व्यवसायासाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे, आपण स्वतंत्र आरोग्य व्यावसायिक म्हणून ओळखले जातो. मग जबाबदारीही आपल्या सहीची आहे. जे केलं नाही त्यापुढे ‘केले नाही’ असं लिहा. एवढं लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. घरी जाणाऱ्या आपल्या लोकांनाही हेच लागू आहे. दहा भेटींचं पॅकेज संपलं म्हणून पेशंट बरा झाला असं होत नाही. चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागतं, जिन्याला ऐंशी-नव्वद लागतात, खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून जास्त. दहाव्या भेटीला सत्तरवर असलेल्या माणसाला ‘आता तुमचं तुम्ही करा’ म्हणणं हाही अकाली डिस्चार्जच आहे, फक्त त्याची फाईल नसते.

माझं मागणं मोठं नाही. पेशंटला सोडण्याच्या दिवशी सकाळी, बिल करायला घेण्याआधी, फिजिओथेरपिस्टनं त्याला स्वतः तपासावं आणि एका पानावर आकडे लिहून वेळ घालून सही करावी. पाय सरळ उचलता येतो का, किती वाकतो, खुर्चीतून उठता येतं का, कमोडवरून उठता येतं का, आणि त्याच्या घरी जितक्या पायऱ्या आहेत त्यातल्या निदान एका टप्प्याइतक्या तरी चढता-उतरता येतात का. त्यासाठी आधी त्याला विचारावं लागेल की घर कितव्या मजल्यावर आहे. भरतीच्या फॉर्मवर आधार कार्ड, पॅन कार्ड, पॉलिसी नंबर सगळं विचारता. मजला आणि लिफ्ट एवढे दोनच रकाने वाढवा. ऑपरेशन ठरल्याबरोबर ते कळलं तर कमोडची खुर्ची, दांड्या, खालच्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे आठ दिवस राहणं, सगळं आधीच जुळवता येतं.

फिजिओथेरपिस्ट ‘तयार नाही’ म्हणाली आणि सर्जनना तरीही सोडायचं असेल, तर त्यांना तो अधिकार आहे. त्यांनी कारण लिहावं. सोडल्यावर दुसऱ्या दिवशी वॉर्डातून एक फोन जावा, आणि तो फीडबॅकच्या तारे-चांदण्यांसाठी नसावा, रात्री बाथरूमला कसे गेलात हे विचारण्यासाठी असावा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ न लिहिता आठवड्यातून कितीदा, किती आठवडे, हे लिहावं. आरोग्य संजीवनीसारख्या आरोग्य विमा पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च मागता येतो, पण कार्डावर काही धड लिहिलेलं नसेल तर लोकांचा फिजिओथेरपीचा क्लेम अडकतो आणि पैशांपायी ते भेटी कमी करतात.

महापालिकेच्या आरोग्य विभागाकडेही याची प्रत पाठवते आहे. शहरातल्या रुग्णालयांची नोंदणी तुमच्याकडे होते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती लावलेली असते, बहुतेक ठिकाणी लिफ्टशेजारी. तपासणीला जाल तेव्हा त्या पाटीबरोबर अस्थिविभागातल्या पाच डिस्चार्ज फाईल मागून बघा. त्यात आकडा दिसतो का, एवढंच बघा.

पुण्याला हे काम नवीन नाही. १९४४ पासून वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय गमावलेल्या जवानांना नुसता पाय बसवून देत नाहीत, त्यावर उभं राहायला आणि चालायला शिकवतात. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. मी शिकत असताना तिथं एकदा गेले होते. कमरेखालची संवेदना गेलेली माणसं चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर कशी जातात, हे एक सुभेदार एका नव्या मुलाला दाखवत होते. सात-आठ वेळा दाखवलं. घाई कोणालाच नव्हती. त्या मुलाला ते जमेपर्यंत आम्ही विद्यार्थीही तिथून हललो नाही.

काकांनी अजून तक्रार केलेली नाही. दोन वर्षांची मुदत आहे, फाईलची झेरॉक्स त्यांनी घेऊन ठेवली आहे आणि मी जे बघितलं ते तारखेसह लिहून दिलं आहे. त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. काकू आता घरात वॉकर घेऊन चालतात. आठ महिन्यांत जिना त्या एकदाही स्वतः उतरलेल्या नाहीत, तपासणीला जाताना अजून खुर्चीच लागते. मागच्या आठवड्यात आम्ही दाराबाहेर पहिली पायरी उतरून परत चढलो. भिंतीच्या बाजूला आता सोसायटीनं लोखंडी दांडी बसवली आहे.

मी वापरते ते एक पान मराठीत आहे आणि त्यावर कोणाचाही हक्क नाही. ज्या रुग्णालयाला हवं असेल त्यांना मी ते देईन. वॉर्डात येऊन एक तास दाखवायचं असेल तरी येईन, त्याचे पैसे घेणार नाही. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते.

आपली नम्र,
पुण्यात घरोघरी जाणारी एक फिजिओथेरपिस्ट